डाव्या पायाची सवय

२ सप्टेंबर

गाडी आली. माझी, माझ्या नावावरची, छोटी, गडद निळी आणि गिअरची.

शोरूममध्ये चिरंजिवांनी शेवटपर्यंत तोंड वाजवलं. "आई, ऑटोमॅटिक घे. क्लच-गिअर तुला झेपायचं नाही आता." आता म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी. त्या एका 'आता'पायी मी गिअरची घेतली, हे त्याला कळलं असेल तर बरंच झालं. विक्रेता म्हणाला, मॅडम, निळ्यावर प्रत्येक ओरखडा दिसतो, पांढरी घ्या. म्हटलं, दिसू दे. सत्तावीस वर्षं कवळ्या बनवल्यात मी, ओरखडा कसा घालवायचा ते मला शिकवू नका.

का घेतली तेही लिहून ठेवते, म्हणजे उद्या मीच डगमगले तर वाचता येईल. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत मी काम करायचे. टेकडीवरच्या वृद्धाश्रमातून मोडलेल्या कवळ्या आमच्याकडे यायच्या. तडकलेली कवळी जोडायला दीड तास पुरतो. पण डॉक्टरांचा नियम असा की दुरुस्त्या साठवायच्या आणि महिनाअखेरीला एकदम करायच्या. तोवर ती म्हातारी माणसं दुधात भिजवलेला पाव गिळून दिवस काढतात. जूनमध्ये यावरून आमची जुंपली आणि मी नोकरी सोडली. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांत परत याल. मी आश्रमाच्या मेट्रनबाईंना शब्द दिलाय, एक ऑक्टोबरपासून दर बुधवारी आणि शुक्रवारी माझी पेटी घेऊन मीच वर येईन, मोडलं ते तिथेच जोडून देईन. टेकडीवर बस जात नाही. टॅक्सीवाले चढाचं नाव काढलं की दुसरीकडे बघतात. म्हणून गाडी.

आमच्या घरात दोन वर्षं गाडी हा शब्द कुणी काढला नव्हता. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या गाडीचा एका सायकलवाल्याला धक्का लागला. त्याची नडगी मोडली. आता तो बरा आहे, सायकलही चालवतो म्हणे. ह्यांनी मात्र आठ दिवसांत गाडी विकून टाकली. कुठे झालं, कसं झालं, एक अक्षर बोलले नाहीत. मी तेव्हा खोदून विचारलं नाही आणि नंतर विचारायची वेळ निघून गेली. आज गाडी दारात उभी राहिली तरी हे खिडकीतूनच बघत होते. खाली काही आले नाहीत. राहू दे. शब्द मी दिलाय, त्यांनी नाही.

४ सप्टेंबर

लायसन्स तीस वर्षांपूर्वीचं, वेळच्या वेळी नूतनीकरण केलेलं आणि जवळपास न वापरलेलं. म्हणून ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना घरी बोलावलंय. ते माझ्याच गाडीत शेजारी बसतात आणि हँडब्रेकवरचा हात काढत नाहीत.

आज नऊ वेळा बंद पडली. सिग्नलला चार वेळा, गल्लीच्या तोंडाशी तीन, आणि दोनदा कुणीही नसताना, उगाच. मास्तर म्हणतात, क्लच सोडताना एक जागा येते, तिथे गाडी किंचित थरथरते, तिथे पाय थांबवायचा. थरथर मला कळते. तिथे थांबायचं हे पायाला कळत नाही. दहाव्यांदा बंद पडली नाही तेव्हा मी मास्तरांकडे बघितलं. ते समोर बघा म्हणाले.

७ सप्टेंबर

सकाळ गाडी धुण्यात गेली. शोरूमवाल्यांनी कोटिंगचं पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता, मी वाटेला लावलं. धुण्यापुसण्याची एवढी मोठी नावं कशाला?

दोन बादल्या घेतल्या, एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची. फडकं दर वेळी आधी नुसत्या पाण्यात खळबळून मगच साबणात बुडवायचं, म्हणजे निघालेली माती परत रंगावर घासली जात नाही. कारखान्यातून आलेली नवीकोरी गाडी, पण पाठीवरून हात फिरवला तर बारीक खरखर लागली. डोळ्याला दिसत नाही, पण माझी बोटं फसत नाहीत. गाडीसाठीची ती खास माती मिळते, तिचा गोळा साबणाच्या पाण्यावरून हलके फिरवला आणि सगळी घाण त्या गोळ्यात निघून आली. गोळा काळा झाला आणि पत्रा काचेसारखा. एसीच्या जाळ्या आणि नावाची अक्षरं दात घासायच्या ब्रशने काढली. ब्रशना माझ्याकडे तोटा नाही.

शेजारीण जाता जाता म्हणाली, चालवता येण्याआधीच चकचकीत केलीत की. तिला म्हटलं, हो, आणि अजून करणार आहे. हे वर गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. दोन तासांत त्यांनी पान उलटलेलं मला दिसलं नाही.

९ सप्टेंबर

आज लाज वाटावी असं घडलं.

टेकडीचा रस्ता पहिल्यांदा धरला. पायथ्याशी टायरवाल्याचं दुकान आहे. त्याच्यापुढे आंधळं वळण, आणि वळण संपायच्या आत चढ सुरू होतो. मास्तरांनी चढावर मुद्दाम थांबायला लावलं. निघताना गाडी कुंथली. मला वाटलं, जोर हवा. मी पाय दाबला. इंजिन बोंबललं आणि गाडी मागे जायला लागली. मी आणखी दाबला, ती आणखी मागे. मास्तरांनी हँडब्रेक खेचला. खाली दुकानातला टायरवाला हातातला पाना तसाच धरून उभा होता.

मास्तर म्हणाले, मॅडम, तुम्ही दोन्ही वेळा क्लच दाबलात. मी म्हटलं, शक्य नाही. ते म्हणाले, मी तुमच्या पायाकडेच बघत होतो.

नोकरी सोडल्यावर कामाचं टेबल मी घरीच मांडलंय, आल्यावर त्याच्याशी बसले आणि उलगडा झाला. टेबलाखाली माझ्या घासायच्या मोटरचं पॅडल आहे. डाव्या पायाने दाबलं की मोटर पळते, जास्त दाबलं की जास्त पळते, सोडलं की थांबते. सत्तावीस वर्षं माझा डावा पाय एवढंच शिकलाय, की जोर हवा तर दाब. गाडीत त्याच पायाने दाबलं की इंजिन चाकांपासून सुटतं आणि गाडी मोकळी होते. म्हणजे पाय मूर्ख नाही, नको तेवढा हुशार आहे. चिरंजिवांना यातलं काही सांगणार नाही. सांगितलं तर ऑटोमॅटिकची पोथी परत उघडतील.

१० सप्टेंबर

पॅडल टेबलाखाली उजवीकडे सरकवलं. डावा पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर अडकवून ठेवला. पहिल्या तासात सरावाच्या एका कवळीचा सुळा गेला. तो परत बसवला. दुसऱ्या तासात पोटरीत गोळा आला. सोडणार नाही.

हे दारातून म्हणाले, "त्रास होतोय तर कशाला करतेस?" मी म्हटलं, तुम्ही गाडी सोडलीत, मला सोडायला लावू नका. बोलून गेल्यावर वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही. हे निघून गेले. फिरायला, असं म्हणाले. रोज बागेत फिरायला जातात आणि आठवड्यातून एकदा तास-तास येत नाहीत.

१४ सप्टेंबर

माझ्या हाताला पॉलिश कळतं ही घमेंड आज उतरली.

दुकानातलं पॉलिश मला मिळमिळीत वाटलं. म्हणून कवळ्या घासायची माझी खडीची पूड भिजवली, हाताच्या मोटरला कापडी चाक लावलं आणि बॉनेटवर घेतली. मधला भाग असा आला की त्यात माझा चष्मा दिसला. मग मी कडेला गेले. कवळीची कड आम्ही सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त घासतो, कारण कड टोचली की हिरडी सोलते. हाताने आपणहून तेच केलं. बॉनेटची कड गोल, गुळगुळीत, सुंदर होत गेली, आणि मग तिथे निळ्याच्या जागी करडं दिसायला लागलं. बोटभर लांब. रंग गेला, खालचा थर वर आला.

बारा दिवसांची गाडी.

चिरंजीव संध्याकाळी आले, बघून गप्प राहिले. ते जास्त वाईट. बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

१५ सप्टेंबर

रंगकाम करणाऱ्याकडे गेले. मी एकटी, मास्तरांशिवाय, पहिल्यांदाच. दोनदा बंद पडली, पण पोचले. त्याने कडेवर अंगठा फिरवला आणि विचारलं, काय लावलं होतं? सांगितलं तर त्याने हातातला चहा खाली ठेवला. म्हणाला, बाई, पत्र्याच्या कडेला रंग सगळ्यात पातळ असतो. आम्ही पॉलिशच्या आधी कडांना चिकटपट्टी लावतो, कडेला चाक नेतच नाही.

सत्तावीस वर्षं जी गोष्ट सगळ्यात जास्त करायची ती इथे अजिबात करायची नाही. पायाचं तेच, हाताचं तेच.

त्याने परत रंगवून देतो म्हटलं. मी नको म्हटलं. त्याच्याकडून रंगाची कुपी आणि बारीक ब्रश घेतला, घरी येऊन थरावर थर देत मीच भरलं. डाग दिसतो. जवळून बघितलं तर चांगलाच दिसतो. कुणाला खुपला तर त्यांनी लांबून बघावं.

१८ सप्टेंबर

आज माझा तोल गेला.

मास्तरांबरोबर टेकडीवर निघाले, तर वळणावर हे उभे. हातात पिशवी. वरून येणाऱ्या दोन सायकलवाल्यांना हात करून थांबवत होते आणि मला दुसऱ्या हाताने ये, ये करत होते, लहान मुलाला रस्ता ओलांडायला लावतात तसं. मास्तर हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच पुढे गेले. त्या रागात चढावर एकदाही पाय चुकला नाही, हे नंतर लक्षात आलं.

घरी आल्यावर विचारलं, तिथे काय करत होतात? म्हणाले, भाजी घ्यायला गेलो होतो. त्या वळणावर टायरशिवाय काही मिळत नाही. मी म्हटलं, माझ्यावर पाळत ठेवायची असेल तर सरळ सांगा. त्यांनी पिशवी खुंटीला लावली. रिकामी होती.

दोन वर्षं स्वतः स्टिअरिंगला हात लावायचा नाही आणि मी लावला तर चव्हाट्यावर उभं राहून मला सांभाळायचं. मला नको आहे सांभाळ.

२२ सप्टेंबर

डॉक्टरांचा फोन आला. आवाजात साखर. नवीन पोरीला कवळीचा चावा जुळवता येत नाही, तुमची जागा अजून रिकामीच समजा. मी विचारलं, दुरुस्त्या रोजच्या रोज होणार का? ते म्हणाले, ते बघू. म्हटलं, मग तुम्ही बघा. फोन ठेवल्यावर कॅलेंडर बघितलं. नऊ दिवस राहिलेत आणि एकटीने तो चढ मी अजून केलेला नाही.

संध्याकाळी मेट्रनबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे एक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, सगळे हेडबाई म्हणतात. खालची कवळी बेसिनमध्ये पडून दोन तुकडे झाली. शुक्रवारपासून त्या जेवणघरात उतरल्या नाहीत. कुणी खोलीत गेलं की तोंडाशी रुमाल धरतात. नवीन पोरीला उरकत नाही म्हणून दवाखान्याने थेट ऑक्टोबरची महिनाअखेर सांगितलीय. मेट्रनबाईंनी विचारलं, तुम्ही एक तारखेला नक्की येताय ना? मी नक्की म्हटलं.

२४ सप्टेंबर

मागच्या डाव्या चाकात हवा कमी वाटली म्हणून टायरवाल्याकडे थांबले. वळणापर्यंत एकटी गेले होते, चढायचा धीर झाला नाही. इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

हवा भरता भरता तो म्हणाला, ते पिशवीवाले काका तुमचे कोण? म्हटलं, का? म्हणाला, दोन वर्षं झाली, आठवड्यातून एकदा येतातच. वळणावर उभे राहतात, सायकलवाला दिसला की हाताने सावकाश म्हणून सांगतात. तास-दीड तास थांबतात आणि जातात. मी विचारलं तर म्हणाले, सहज.

म्हणजे माझी गाडी यायच्या आधीपासून! आणि मला सांगतात बागेत. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग लागतो हे मला कळतं, पण एवढ्या लांब, आणि तो खोटं बोलून? पाळत नव्हती म्हणायची तर मग हे काय होतं? विचारणार नाही. मीही अबोला धरू शकते.

२९ सप्टेंबर

एकटीने चढले. वर फाटकाला हात लावून परत आले. रस्ता मोकळा होता, मध्ये थांबावं लागलं नाही, म्हणजे परीक्षा अर्धीच झाली. तरी झाली. चिरंजिवांना फोन करून सांगितलं. तो म्हणाला, आई, बाबांचं झालं तेव्हा बाबाही तीस वर्षं चालवत होते. मी म्हटलं, माहीत आहे, आणि फोन ठेवला. या घरात एक धक्का लागला म्हणून सगळ्यांनी मिळून हातपाय दुमडून बसायचं ठरवलंय. मी त्या ठरावावर सही केलेली नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी गाडी धुतली, पुसली. पेटी मागच्या सीटला पट्ट्याने बांधली. निघते म्हणून ह्यांना हाक मारली. ते घरात नव्हते.

वळणावर होतेच. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि वळले. वळते तोच पुढे गॅस सिलिंडरचा ट्रक आडवा, माणसं सिलिंडर उतरवतायत. चढावर थांबावं लागलं. हँडब्रेक ओढला. मागे एक व्हॅन येऊन चिकटली. ट्रक हलला आणि व्हॅनने हॉर्न धरला, सोडेचना. डावा पाय शिवशिवायला लागला, दाब म्हणत होता. मी आरशात बघितलं. व्हॅन आणि माझी गाडी यांच्यामध्ये हे उभे होते. माझ्याकडे पाठ, व्हॅनवाल्याला तळहात दाखवून.

मी मागे गेले असते तर सगळ्यात आधी ह्यांच्यावर गेले असते.

ओरडायला वेळ नव्हता. डावा पाय वर घेतला, सावकाश, थरथर आली तिथे थांबवला. उजवा दाबला. हँडब्रेक सोडला. गाडी इंचभरही मागे गेली नाही. थेट वर फाटकात जाऊन थांबले.

हेडबाईंच्या खोलीत गेले. त्यांनी रुमालाआडून खूण केली, खुर्चीवर बसा. दोन तुकडे एका डबीत होते, कापसात गुंडाळलेले. तडा स्वच्छ होता. खिडकीशी टेबल मांडलं, तुकडे जुळवले, भरले, घट्ट होऊ दिले, घासले. कड गोल केली, हवी तेवढी, इथे कुणाची ना नव्हती. एक तास चाळीस मिनिटं. त्यांनी कवळी घातली, आरशात बघितलं, रुमालाची घडी केली आणि पहिलं वाक्य बोलल्या, "तुम्हाला यायला उशीर झाला." मुख्याध्यापिकेच्या आवाजात. मी हो म्हटलं. मग त्या जिना उतरून जेवायला गेल्या. मेट्रनबाईंनी आणखी दोन कवळ्या आणून ठेवल्या.

उतरताना तीन वाजले होते. हे टायरवाल्याच्या बाकावर बसले होते. मी गाडी कडेला घेतली, उतरले आणि सकाळपासून साठलेलं सगळं बाहेर काढलं. अक्कल आहे का, म्हटलं. गाडीच्या मागे कोण उभं राहतं, मी मागे आले असते तर?

"तर मला लागलं असतं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला नाही."

 त्यांनी वळणाकडे बोट केलं. "इथेच झालं होतं. तो वरून येत होता, मला दिसलाच नाही."

टायरवाला उठून आत गेला. मी त्या बाकावर बसले. दोन वर्षं मी ह्यांना भित्रे समजत होते. दर आठवड्याला येऊन जो माणूस नेमका इथेच उभा राहतो तो भित्रा कसा? मला रडू आलं आणि रागही आला, ह्यांचा आणि माझा. हात धरून बसलो थोडा वेळ. मग म्हटलं, चला, गाडीत बसा. ते नको म्हणाले आणि चालत निघाले. पाच किलोमीटर. मी गाडी घेऊन घरी आले आणि ते येईपर्यंत दारात उभी राहिले.

२ ऑक्टोबर

डॉक्टरांचा परत फोन आला. उचलला नाही.

रात्रीच्या जेवणात मी सांगून टाकलं, यापुढे गाडीच्या मागे उभं राहायचं नाही. पुढेही नाही. सोबत यायचं असेल तर शेजारच्या सीटवर बसून यायचं. चिरंजीवही जेवायला होते. ह्यांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, "बसेन. पण टायरवाल्यापाशी मला उतरव. ते वळण मी गाडीतून नाही करायचा."

चिरंजीव म्हणाले, बाबा, असं कसं, मागे ट्रॅफिक असतं. मी त्याला वाढता वाढता गप्प केलं.

उद्या शुक्रवार आहे. टायरवाल्यापाशी हे उतरतील आणि वळण पायी चालतील. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे मागे जाईन. चढ लागला की ते परत बसतील. मागचे हॉर्न वाजवतील, त्यांना वाजवू दे. मेट्रनबाईंना कळवलंय की दर फेरीला मला दहा मिनिटं उशीर होईल, आणि कारण विचारू नका.